क्रोशाची सुई आणि बाळंतविडा

लग्नाच्या मांडवात रुखवताचे टेबल मांडले की आमच्या चांद्याकडच्या बायका आधी तिकडे वळतात. नवरदेव काय, मागाहूनही पाहता येतो. शेवया-कुरडयांची महिरप, मण्यांचा हंस, साखरेची फळे, आणि या सगळ्यांच्या खाली, वर, भोवती क्रोशाचे काम. ताटावरचा रुमाल क्रोशाचा, तांब्यावरचे झाकण क्रोशाचे, आरशाची झालर क्रोशाची. एका लग्नात तर मी टेलिफोनच्या यंत्राला क्रोशाचा झगा घातलेला पाहिला, आणि त्या घरी टेलिफोनची तार अजून यावयाची होती! वरपक्षाकडील एखादी जाणती बाई रुमाल हळूच उलटा करून पाहते. वरची नक्षी पुष्कळांना साधते. परीक्षा असते ती उलट्या बाजूच्या गाठींची.

हा क्रोशा आपल्याकडे आला कोठून? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. खेड्यातल्या शाळेत मुले शिकवावी आणि सुटीत कादंबरीची चार पाने लिहावी हा माझा क्रम. तेव्हा इतिहासकाराचा अधिकार मी सांगत नाही. परंतु इतिहासाची पुस्तके आमच्या गोंडराजांनी बांधलेल्या परकोटाची लांबी सांगतात, त्याच्या आत पडवीत बसून बायका काय विणीत होत्या ते सांगत नाहीत. दिवाळीच्या फराळानंतर थोडी सवड असते. तेवढ्यात ही हकीकत वाचकांपुढे ठेवते.

क्रोशे हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहानसा आकडा. आपल्या बायकांनी नाव तेवढे परक्याचे ठेवले, बाकी सारा कारभार मराठी करून टाकला. साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब! हे शब्द कोणा पंडिताने कोशात डोके घालून केलेले दिसत नाहीत. सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता जो आखूड टाका पडतो तो मुका. काम वाढत असताना पहावे, सगळा डोलारा सुईवरच्या एका फासावर तोललेला असतो. तो एक सुटला आणि दोरा ओढला की महिन्याचे काम एका मिनिटात उसवते. विणकामाला माग लागतो, लोकरीच्या कामाला दोन सुया लागतात. क्रोशाला एक आकडा आणि दहा बोटे पुरतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा इतिहास या स्वस्ताईतून निघाला आहे.

युरोपात हे काम आज दिसते त्या रूपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस वर आले. १८४० नंतर एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या भल्या लांब नावाच्या बाईने नमुन्यांची पुस्तके छापावयास सुरुवात केली आणि बड्या घरच्या बायकांचा तो छंद झाला. तो छंद राहिला असता तर मला त्यावर लिहावेसे वाटले नसते. पण १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि तेथे जो दुष्काळ झाला त्यात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. तेव्हा मठांतल्या जोगिणींनी आणि काही पाद्र्यांच्या बायकांनी उपाशी घरांतल्या मुलींच्या हाती क्रोशाची सुई दिली. क्लोन्स नावाच्या गावी कॅसांड्रा हँड या पाद्रीणबाईने १८४७ मध्ये हेच केले. सुईला मोल नाही, जागा लागत नाही, झोपडीच्या दारात बसून काम होते. ती जाळी लंडन-पॅरिसच्या बाजारात विकली गेली, आणि पुष्कळ घरांत भाडे आणि भाकर तिच्यावर निघाली.

मला वाटते, क्रोशा जगात फॅशनच्या पाठीवर बसून जितका हिंडला तितकाच दुष्काळाच्या पाठीवर बसून हिंडला.

आमच्याकडचेच पहा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात, तेथून तिला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. आमच्या जंगलात पडलेला पाऊस असा तेलुगू मुलखातून थेट समुद्राला जातो. आणि जेथे गोदावरीचा एक फाटा समुद्राला मिळतो तेथे नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मॅक्रे नावाच्या एका स्कॉटिश मिशनरी जोडप्याने तेथल्या गरीब बायकांना जाळीकाम शिकवले. पुढे त्याचा धंदा झाला. विलायतेस माल जाऊ लागला, व्यापारी झाले, दलाल झाले. १९८२ साली मारिया मीस या जर्मन विदुषीने नरसापूरच्या बायकांवर एक पुस्तक लिहिले. तिच्या हिशेबाने लाखाच्या वर बायका घरोघर हे काम करीत होत्या. त्यांना मिळणारी मजुरी पोटापुरतीही नव्हती, आणि कारण काय तर म्हणे त्या कामकरी नव्हेत, त्या घरंदाज गृहिणी, फावल्या वेळात हात चालवतात! निर्यातीच्या हिशेबात लाखोंची रक्कम आणि कामाच्या हिशेबात 'फावला वेळ'.

बाजारात क्रोशाचा टेबलक्लॉथ स्वस्त मिळाला म्हणून आपण खूष होतो. लोकरीचा स्वेटर यंत्रावर निघतो. दुकानातला खरा क्रोशा मात्र कोणा ना कोणा बाईच्या हातचा असतो. वस्तू स्वस्त असेल तर कोणाची तरी बोटे स्वस्तात गेली, एवढे समजून असावे. गेल्या काही वर्षांत नरसापूरच्या कामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बायकांच्या हाती त्यातून काय पडते ते पहावयाचे.

आता चांद्याकडे वळू. नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८५४ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. वरोऱ्याला कोळसा निघाला, त्याच्यासाठी आगगाडी आली. गाडीबरोबर रॉकेल आले, छत्र्या आल्या, दोऱ्याच्या गुंड्या आल्या. चांद्यास स्कॉटलंडच्या एपिस्कोपल पंथाचे मिशन होते, तिकडे सिरोंच्यास अमेरिकन मेथॉडिस्टांचे. मिशनच्या शाळांतून मुलींना शिवण-विणकाम शिकवणे ही त्या काळी देशभरची रीत होती. मग पुन्हा दुष्काळ. १८९६-९७ चा आणि त्याच्या मागोमाग १८९९-१९०० चा. १९०१ च्या शिरगणतीत चांदा जिल्ह्याची वस्ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. वाचकहो, वस्ती कमी भरते म्हणजे काय होते याचा घरी बसून विचार करावा. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई पुण्याहून मध्यप्रांतात आल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका बरोबर घेऊन गेल्या. त्यातून केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. बाईंनी या मुलींना अक्षरओळख दिली, आणि शिवण, विणकाम, छापखान्याचे काम असे हाताला पोट भरण्याचे साधनही दिले. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन निघाले, तेथेही शिवणाचा वर्ग होताच. धर्म निराळे, माणसे निराळी. पण एकट्या पडलेल्या बाईच्या हाती सुई द्यावी हा विचार दोन्हीकडे एकच.

आमच्या घरात क्रोशा आला तो अशाच एका एकट्या बाईमुळे. माझ्या आजीची आत्या. वयाच्या बाराव्या वर्षी कुंकू पुसले गेले आणि ती पठाणपुऱ्याच्या माहेरच्या घरी परत आली. शेजारच्या आळीत मिशनच्या शाळेत जाणारी एक मुलगी होती, तिच्याकडून तिने जोत्यावर बसून टाके उचलले. शिवाशिवीचे दिवस, तेव्हा दोघींमध्ये हातभर अंतर. ती तिकडे विणी, ही इकडे पाहून विणी. सुई प्रथम सायकलच्या तारेची घासून केलेली होती असे आजी सांगे.

दोऱ्याची गोष्ट गमतीची आहे. चांगला क्रोशाचा दोरा त्या काळी परदेशचा, आणि आजीचे वडील खादीचे कडवे भक्त. चांदा जिल्ह्यातले सावली हे खादीचे मोठे केंद्र. १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाची सभा तेथे भरली होती आणि स्वतः महात्माजी आले होते. आपल्या मागे गांधीवाद नावाचा कोणताही पंथ ठेवावयाचा नाही अशा आशयाचे त्यांचे प्रसिद्ध भाषण तेथलेच. आजीचे वडील त्या सभेला पायी गेले आणि परत आल्यावर त्यांनी घरातल्या विलायती दोऱ्याच्या गुंड्या चुलीत घातल्या. हातसुताने क्रोशा होईना. सूत कुठे जाड, कुठे बारीक, पीळ कमी. आकडा फसे आणि धागा फुटे. आत्या काही बोलली नाही. धान्याच्या आणि साखरेच्या पोत्यांच्या तोंडाची शिवण ती उसवू लागली. तो दोरा सोड्याच्या पाण्यात उकळून, वाळवून, त्याची गुंडी करून ती विणीत बसे. पोती देशी, दोरा देशी, भावाला आक्षेप घेण्यास जागाच उरली नाही!

या आत्याला बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी उभे रहाता येत नसे. सवाष्णी पाळण्याला हात लावीत, गोविंद घ्या-गोपाळ घ्या चाले, ओटी भरली जाई; आत्या माजघराच्या दाराआड. परंतु आळीत कोणाच्याही घरी दिवस राहिले की सातव्या महिन्यापासून तिची बोटे चालू. बाळंतविड्यात दुपटी, झबली, लंगोट यांच्यावर जे टोपडे ठेवलेले असे ते तिच्या हातचे. बाई अशुभ, पण तिने विणलेले टोपडे बाळाच्या टाळूवर चाले. या न्यायातली विसंगती त्या आळीत कोणाला दिसली नाही, किंवा दिसली तरी टोपडे सुंदर असल्यामुळे कोणी बोलले नाही. आजी म्हणे, "आत्याले बारशात कोनी बलावत नव्हते, तिचे टोपडे मात्र सगळ्यात पह्यले पावने."

बाळंतविडा हा आपल्याकडचा फार जुना आहेर. क्रोशा येण्यापूर्वी त्यात कुंची असे. डोके, मान आणि पाठ एकदम झाकणारी, हनुवटीखाली बंद असलेली. तिच्या आत जुनेऱ्याचे अस्तर. नव्या कापडापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे बाळाला बरे, हे आपल्या बायकांना पक्के ठाऊक होते. क्रोशाने कुंचीला नवे रूप दिले एवढेच. १९६० नंतरच्या काळात पूर्व बंगालचे निर्वासित आमच्या चामोर्शी-मुलचेरा भागात वसवण्यात आले. त्यांच्या बायका जुन्या साड्यांची कांथा शिवतात, तिच्यातही बाळ गुंडाळतात. आपली गोधडी आणि त्यांची कांथा शेजारी शेजारी दोरीवर वाळत घातलेल्या पाहिल्या की भाषा निराळ्या असून आया एकच, असे वाटून जाते. आरमोरीकडे कोशाचे रेशीम निघते. ढिवर लोक ऐनाच्या झाडावर किडे वाढवतात आणि बायका मांडीवर धागा ओढतात. त्या बायकांच्या मांडीवरचे घट्टे पाहिले की रेशीम हा शब्द उच्चारताना जरा विचार करावा लागतो. पण तो विषय स्वतंत्र आहे.

१९६२ साल उजाडले. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. त्या वर्षी आमच्या घरी करंज्या झाल्या नाहीत. पैसा आणि दागिने संरक्षण निधीला गेले. आजीच्या कानांतल्या कुड्या गेल्या त्या गेल्याच, पुढे तिने खोट्या घातल्या. देशभर बायका जवानांसाठी लोकरीचे मोजे, गळपट्टे, कानटोप्या विणू लागल्या. उन्हाळ्यात जेथे पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर जातो त्या चांद्याच्या बायकांनी बर्फ कुठे पाहिलेला! आत्या तेव्हा साठीच्या पुढची. तिला दोन सुयांचे काम येत नव्हते. तिने क्रोशानेच कानटोप्या घातल्या, जाड लोकरीच्या, घट्ट मुक्या खांबाच्या, एकही भोक नाही. आजी सांगे, अकरा झाल्या. नोव्हेंबरच्या २० तारखेला चांद्याचेच मारोतराव कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, आणि त्याच सुमारास युद्ध थांबले. गावात दोन्ही बातम्या एकदमच साजऱ्या झाल्या. कानटोप्यांची पेटी त्याच्या आधी स्टेशनवर गेली होती. त्या कोणत्या जवानाच्या डोक्यावर गेल्या ते आत्याला कळण्याचे कारण नव्हते. जन्मभर तिची टोपडी ज्यांच्या डोक्यावर चढली त्यांच्या बारशाला तरी ती कुठे होती?

यानंतरचा काळ मी भरभर सांगते, कारण तो सर्वांच्या पाहण्यातला आहे. क्रोशा शाळेच्या शिवण-तासात गेला, स्त्रियांच्या मासिकांच्या पानांवर गेला, आणि रुखवताच्या टेबलावर जाऊन बसला तो बसलाच. जाळी जितकी विरळ तितकी कौतुकाची. तिचा उपयोग धूळ धरण्यापलीकडे फारसा नाही. माझ्या म्हणण्याचा कोणी राग मानू नये. मीही रुखवतात सहा रुमाल दिले होते आणि ते अजून कपाटात घडीचे घडी आहेत.

दानाच्या बाबतीत मात्र आमच्या जिल्ह्याने जगाला दोन गोष्टी दाखवल्या. वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९५१ मध्ये आनंदवन सुरू केले. महारोग्यांना त्या काळी भाकरीचा तुकडा फेकणारे पुष्कळ होते. बाबांनी त्यांच्या झिजलेल्या हातांना काम दिले, आणि त्या हातांच्या सतरंज्या आणि भेटकार्डे बाजारात मानाने गेली. जे लोक फक्त घेणारे मानले जात ते देणारे झाले.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. १९८२ मध्ये चांद्याचा पूर्वभाग तोडून हा जिल्हा झाला. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून काम करीत आहेत. १९९५ च्या सुमारास त्यांनी खेड्यातली नवजात बाळे मोजली आणि वजन केले, तेव्हा शंभरातली ४२ बाळे अडीच किलोच्या आत भरली. अशा बाळाच्या अंगावर चरबी नसते. ओले जन्मते, आणि ओल सुकताना अंगातली ऊब घेऊन जाते. त्यातून वार पडेपर्यंत बाळ तसेच ठेवावयाचे, मग लगेच न्हाऊ घालावयाचे, ही जुनी चाल. सारे अंग मिळून डोके केवढे! मोठ्या माणसाच्या मानाने बाळाचे डोके अंगाच्या हिशेबात फार मोठे, आणि ते उघडे राहिले की बाळ गार पडते. काखेतला पारा साडेछत्तीसच्या खाली गेला की डॉक्टर त्याला धोका म्हणतात. आपल्याला साडेछत्तीस म्हणजे उकाडा वाटतो.

बंग पती-पत्नींनी ३९ गावांत थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांच्या जवळ काटा, तापमापक, औषधे. आणि बाळाला ऊब देण्याची शिकवण: कोरडे पुसा, आईच्या अंगाशी धरा, डोके झाका, कपड्यात गुंडाळा. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालमृत्यू, जेथे हे काम नव्हते अशा गावांच्या तुलनेत, सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ मध्ये हे लॅन्सेट या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले आणि २०११ पासून सरकारने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत आशाताईंमार्फत देशभर नेली. बाळ दवाखान्यात जन्मले तर सहा वेळा, घरी जन्मले तर सात वेळा आशाताई घरी येते. हे सारे यश टोपड्याचे, असे मी म्हणणार नाही. जंतुदोषावरची औषधे, आईचे दूध, वेळेवर धाव, हे सर्व त्यात आले. पण डोके झाका हे कलम त्यात आहे, आणि ते वाचताना मला कुंची आठवली.

हौशी बायकांचे मेळे आता मोठमोठे भरतात. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत देशभरातल्या बायकांनी मिळून अकरा हजार चौरस मीटरहून मोठे क्रोशाचे पांघरूण जोडले, विक्रम झाला, आणि मग ते सुटे करून गरजूंना वाटले. हे मला रुखवतापेक्षा शतपटीने आवडले.

आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी मुलींना, आणि बसले तर मुलांनाही, टोपडी शिकवते. नक्षी नाही, मणी नाही, लांब दोरी नाही. दोरी बाळाच्या गळ्यात अडकते. मऊ लोकर, मुका खांब, फेरावर फेर. टोपडे पुरे झाले की सोललेल्या नारळावर चढवून पहावयाचे, नारळ बसला तर पूर्ण दिवसाच्या बाळाला ते बसते. साबणाने धुऊन उन्हात वाळवून आम्ही ती तालुक्याच्या दवाखान्यात देतो. गेल्या पावसाळ्यात तेथल्या सिस्टरने दोन टोपडी माझ्या हातात परत ठेवली. म्हणाल्या, "बाई, कामात खोट नाही. पण दीड किलोच्या लेकराले हे डोयावर येतात. अजून लहान करून द्या ना."

आता टेबलावर नारळाशेजारी बेलाचे एक फळ ठेवलेले असते.